छाट

काउंटरच्या बटणांवर माझी बोटं,
ओठांत अम्माचे आकडे:
ओकटी, रेंडु, मूडु.
शाळा मराठीत झाली, डिप्लोमा इंग्रजीत,
मोजायला बसले की मात्र तेलुगूच.
शंभर पेशी भरल्या की घंटी वाजते.
पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून झाला
की अम्मा दातांनी दोरा तोडायची, तसं सुटल्यासारखं वाटतं.

मुरली इराबत्ती, वय एकोणीस.
साखर पेठेत जेकार्डची कार्डं पंच करायचा.
आता तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.
मार्चमध्ये त्याच्या रक्तात नुसत्या ब्लास्ट पेशी,
मोठाल्या, निळसर, बिनकामाच्या.
औषधांनी त्या झाडून काढल्या,
त्यांच्यासोबत बाकीचंही घर झाडलं गेलं.
मग शंभरात चार न्यूट्रोफिल.
मग अकरा.
एका सकाळी सव्वीस!
रिपोर्ट मीच वर नेऊन दिला, ते माझं काम नव्हे.
त्याची आई बालमणी म्हणाली,
"म्हणजे कट्टा भरून एक वर की गं."
तेव्हा कळलं, हीपण विड्याच वळते.

मग ताप.
चार दिवस उतरेना.
सोळा. सात. दोन.
सगळ्यांच्या मनात एकच, जुनं दुखणं परतलं.
मी डोळे फाडून ब्लास्ट शोधल्या,
एकही नव्हती.
पुण्याहून उत्तर आलं: विषाणू.
नाव लांबलचक, वागणं साधं.
लहानपणी कुणाच्या तरी उष्ट्या घोटातून येतो
आणि न बोलणाऱ्या चुलत्यासारखा
जन्मभर कोपऱ्यात बसून राहतो.
बहुतेकांच्या घरात असतो. कळतही नाही.
राखण उठली की तो उठतो,
आणि सरळ मज्जेत शिरतो,
जिथं नवे राखणदार घडत असतात.

मज्जेची स्लाइड मी दोनदा पाहिली.
कारखाना बंद नव्हता.
पान भिजलेलं, कापलेलं,
तंबाखू भरलेली,
तोंड मात्र कुणी दुमडलेलंच नाही.
अर्ध्यावर थांबलेल्या पेशी, ओळीनं.

मी सात वर्षांची असताना
चेकरनं अम्माच्या हजारातल्या ऐंशी विड्या
छाट म्हणून बाजूला फेकल्या.
ती काही बोलली नाही.
आदल्या रात्री मला ताप होता,
मांडीवर सुपाच्या जागी मी,
एक हात कपाळावरच्या पट्टीवर,
एक हात पानावर.
बोटं तीच. पान तेच.
घरात ताप शिरला की वळणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही.
डॉक्टर मॅडमनी परवा हेच सांगितलं,
त्यांच्या शब्दांत, फळ्यावर बाण काढून.

कोण जाणे, त्याच तापात तो माझ्यातही आला असेल.
आत्ता, या खुर्चीत,
माझ्या मज्जेत झोपला असेल,
आणि मी त्याचाच प्रताप मोजत बसलेय.

विषाणूवरचं औषध सुरू झालंय.
तेही मज्जेला जडच जातं, असं म्हणतात.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
आज पाचवा दिवस, घरी नळाला पाणी येऊन गेलं असेल,
भरायला कुणी नाही.
बालमणी जिन्यात बसलीय, रिकामं सूप घेतल्यासारखे
तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे.

आजची स्लाइड.
पाऊण तास झाला, शंभर भरत नाहीत.
घंटी वाजत नाही.
ओकटी.
रेंडु.
काचेच्या कडेला एक आहे.
केंद्रक वाकलंय, नालेसारखं,
अजून त्याचे तुकडे पडलेले नाहीत.
पुरती झालेली नाही, कोवळीही नाही.
चेकर असता तर फेकली असती.

मी बटण दाबते.
मूडु.